शेवटच्या माणसाचा वेग : डोंगरात गट नेताना

स्वतः डोंगर चढणे आणि डोंगरात गट घेऊन जाणे ही दोन वेगळी कामे आहेत. कसलेला गिर्यारोहक कातळटप्पा सहज चढून जातो. पण त्याच टप्प्याखाली उभ्या असलेल्या पंधरा जणांपैकी कोणाचे पाय लटपटत आहेत, कोणाचे पाणी संपले आहे, कोण भीती लपवण्यासाठी मोठमोठ्याने बोलत आहे, हे ओळखण्याची नजर चढाईच्या सरावातून आपोआप येत नाही. ती वेगळी कमवावी लागते. सह्याद्रीत पावसाळ्याच्या दर शनिवारी-रविवारी शेकडो गट किल्ल्यांवर जातात आणि त्यांतल्या बहुतेकांची सुरक्षितता एक-दोन लीडरांच्या या नजरेवर अवलंबून असते.

सह्याद्री उंचीच्या दृष्टीने फार मोठा नाही. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर १६४६ मीटर आहे. हिमालयात विरळ हवेमुळे होणारा त्रास इथे होत नाही, म्हणून इथले डोंगर सोपे समजले जातात. पण हे डोंगर लाव्हाच्या आडव्या थरांचे आहेत. एक उभा कडा, त्यावर सपाट पदर, पुन्हा कडा अशी त्यांची रचना असते. त्यामुळे चुकलेली वाट थेट कड्याच्या तोंडाशी नेऊन सोडते. पावसात काळ्या कातळावर शेवाळ धरते, उन्हाळ्यात त्याच उतारावर घसारा होतो, आणि धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही.

खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर जाणारी वाट हे याचे चांगले उदाहरण आहे. खिंडीपर्यंतची वाट झाडीतून जाते, खिंडीच्या वर कातळटप्पा आहे आणि तो चढून गेल्यावर मंदिरापर्यंत लांबलचक चढउतारांचे पठार लागते. अवघड म्हणून कातळटप्प्याची धास्ती सगळ्यांना असते, पण लोक चुकतात ते वरच्या पठारावर. तिथे गुरांच्या पायांनी पडलेल्या ढोरवाटा आणि गडाची मळलेली वाट धुक्यात सारखीच दिसते. कातळाशी सगळे सावध असतात, सपाटीवर सगळे गप्पांत असतात. लीडरने सर्वांत जागे राहायचे ते अशा ठिकाणी.

तयारी आदल्या आठवड्यात सुरू होते. वाट लीडरने स्वतः, शक्यतो त्याच ऋतूत, आधी केलेली असावी. जानेवारीत पाहिलेली वाट जुलैत ओळखू येत नाही, कारण गवत कमरेएवढे वाढलेले असते आणि कोरड्या नाळेतून पाणी धावत असते. मोबाइलवरचा नकाशा जवळ असावाच, पण गावातला वाटाड्या त्याहून मोलाचा. कोणत्या ओढ्याला कालच्या पावसात पाणी चढले, कोणत्या झाडावर यंदा मोहोळ आहे, कोणती दरड ढासळली, हे त्यालाच ठाऊक असते.

वेळेच्या हिशेबासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो. सपाटीला ताशी ५ किलोमीटर आणि त्याशिवाय दर ६०० मीटर चढाईला एक तास. आठ किलोमीटर अंतर आणि साडेसातशे मीटर चढ असेल तर या हिशेबाने पावणेतीन तासांहून थोडा जास्त वेळ लागेल. मात्र हा हिशेब तंदुरुस्त माणसाचा, न थांबता चालण्याचा आहे. नवखे लोक, पाऊस, फोटोंचे थांबे आणि कातळटप्प्यावरची रांग धरली तर त्याच्या दीडपट, म्हणजे सव्वाचार तास धरणे शहाणपणाचे. यावरून परत फिरण्याची वेळ घरीच ठरवता येते. अंधार सात वाजता पडणार असेल, उतरायला चार तास लागणार असतील आणि हाताशी दोन तास राखीव हवे असतील, तर दुपारी एक वाजता गट जिथे असेल तिथून फिरायचे. शिखर मग दहा मिनिटांवर असो वा तासावर. ही वेळ सगळ्या गटाला सकाळीच सांगून ठेवली तर ऐनवेळी वाद होत नाही. सांगितली नाही, तर एक वाजता ती लीडरची मर्जी वाटू लागते.

गट किती मोठा असावा? अवघड जागा नसलेल्या मळलेल्या वाटेवर एका जाणत्या माणसामागे दहा-बारा जण हे प्रमाण सांभाळता येण्यासारखे आहे. कातळटप्पे असतील तर ते निम्म्यावर आणावे, लहान मुले असतील तर आणखी कमी करावे. दोन लीडर आणि दोन बस भरून माणसे हा ट्रेक नव्हे. एवढ्या माणसांवर दोघांची नजर राहूच शकत नाही आणि हरिहर किल्ल्यासारख्या उभ्या, अरुंद पायऱ्यांवर तर अशी गर्दी हाच मोठा धोका ठरतो.

नाव नोंदवताना प्रत्येकाची प्रकृती विचारणे आवश्यक असते. दमा, मधुमेह, अपस्मार, हृदयविकार, मधमाशीच्या दंशाची किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी, अलीकडची शस्त्रक्रिया हे सगळे नीट विचारावे आणि उत्तर स्वतःपुरते ठेवावे. चारचौघांत विचारले की माणसे खोटे सांगतात. दम्याचा पंप बसमधल्या बॅगेत राहिला तर तो असून नसल्यासारखा. तो खिशात आहे ना, हे चालायला लागण्याआधी पाहावे. अल्पवयीन मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी. तिच्यात वाटेतल्या अवघड जागांची स्पष्ट कल्पना दिलेली असावी, नुसती ‘सहलीस परवानगी आहे’ एवढी ओळ पुरेशी नाही.

पायथ्याशी दहा मिनिटे गोल करून बोलणे हा ट्रेकचा सर्वांत स्वस्त विमा आहे. कोण पुढे चालणार, कोण मागे, कुठे थांबायचे, शिट्टीच्या खुणा काय, मागे फिरण्याची वेळ कोणती, हे तिथे सांगावे. पाणी किती आणले ते विचारू नये, बाटल्या बघाव्या. नैसर्गिक विधीसाठी कसे आणि कोणाला सांगून थांबायचे, हेही याच वेळी मोकळेपणाने सांगितले पाहिजे. नाहीतर अनेक मुली व स्त्रिया दिवसभर पाणी पिणेच टाळतात आणि दुपारी त्याचा त्रास होतो. गटात एकतरी स्त्री लीडर असली की हा प्रश्न पुष्कळ सोपा होतो.

चालायला लागल्यावर गटाची रचना तीन माणसांवर उभी असते. पुढचा वाट काढतो, मधला दोन्हीकडे दुवा ठेवतो आणि सर्वांत मागे टेल असतो. पुढच्याच्या पुढे कोणी जायचे नाही, टेलच्या मागे कोणी राहायचे नाही. नियम एवढाच. बहुतेक गटांत सर्वांत अनुभवी माणूस आघाडीला असतो आणि टेलला नवशिका स्वयंसेवक दिला जातो. हे नेमके उलटे हवे. थकणारा, घाबरणारा, पाय मुरगळलेला, बूट फाटलेला माणूस मागेच येत असतो. दिवसभरातला प्रत्येक अवघड निर्णय मागे घ्यावा लागतो, म्हणून निर्णय घेऊ शकणारा माणूस मागे हवा.

या चुकीची फार मोठी किंमत नोव्हेंबर १९७१ मध्ये स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पठारावर मोजावी लागली. एडिनबरोच्या एका शाळेची मुले हिवाळी पदभ्रमणाला गेली होती. ताकदीप्रमाणे त्यांचे दोन गट केले होते. दमदार मुलांचा गट अनुभवी प्रमुखाबरोबर पुढे गेला आणि पठारावरच्या आसऱ्याला पोहोचला. हळू चालणाऱ्या सहा मुलांबरोबर दोन तरुण आणि तुलनेने कमी अनुभवी स्त्रिया होत्या. हिमवादळात त्यांना तो आसरा सापडला नाही आणि उघड्यावर दोन रात्री काढाव्या लागल्या. पंधरा वर्षांची पाच मुले आणि अठरा वर्षांची प्रशिक्षणार्थी लीडर गारठून मरण पावली. ब्रिटनच्या इतिहासातली ही सर्वांत भीषण डोंगरी दुर्घटना मानली जाते. मुलांना डोंगरात नेणाऱ्यांचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र यांकडे तिथे त्यानंतर फार गंभीरपणे पाहिले जाऊ लागले. हवामान कोणाच्या हातात नव्हते, पण अनुभव कोणाच्या वाट्याला द्यायचा हे नक्कीच हातात होते.

गटाचा वेग शेवटच्या माणसाने ठरवायचा असतो. नेहमी दिसणारे दृश्य असे की पुढचे लोक वळणावर बसून शेवटच्याची वाट पाहतात आणि तो पोहोचताच उठून चालू लागतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत गरज आहे त्याला ती मिळतच नाही. शेवटचा माणूस आला की त्याला बसू द्यावे, पाणी प्यायला लावावे, पाच मिनिटे जाऊ द्यावी, आणि मग त्यालाच पुढच्या माणसाच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर चालवावे. यात वेळ जातो असे वाटते, पण दुपारपर्यंत तो भरून निघतो.

मोजणी प्रत्येक थांब्यावर करावी. ‘सगळे आले का?’ या प्रश्नाला नेहमी ‘हो’ असेच उत्तर येते, कारण जो आलेला नाही तो उत्तर देत नाही. प्रत्येकाला सकाळीच क्रमांक द्यावा आणि थांब्यावर तो मोठ्याने म्हणायला लावावा. धुक्यात आणि वाटेला फाटा फुटतो त्या जागी मोजणी झाल्याशिवाय एकही पाऊल पुढे टाकू नये.

कातळटप्प्यावर घाबरलेल्या माणसाला ‘काही होत नाही, चल’ असे म्हणण्याचा काहीच उपयोग नसतो. दृष्टिभय खरे असते. त्यात स्नायू आखडतात, पाय शिवणयंत्रासारखे थरथरतात आणि माणूस कातळाला पोट चिकटवून उभा राहतो. तसे उभे राहिले की स्वतःच्याच पायाखालच्या खाचा दिसेनाशा होतात. अशा वेळी लीडरने त्याच्या खाली एका बाजूला, स्वतःचे पाय भक्कम रोवून उभे राहावे आणि एका वेळी एकच गोष्ट सांगावी : उजवा पाय एक वीत खाली, तिथे खाच आहे. गरज पडली तर बूट हाताने धरून त्या खाचेत बसवून द्यावा. मग डावा हात, मग डावा पाय. आवाज शांत हवा आणि सूचना देणारा एकच माणूस हवा. वरून-खालून चौघे एकदम ओरडू लागले की अडकलेला माणूस आणखी आखडतो. अवघड टप्प्यावर दोर लावण्यात कमीपणा नाही, पण तो लावणाऱ्याला अँकर (दोराचा पक्का आधार) आणि बिले (चढणाऱ्याचा दोर सांभाळणे) यांचे रीतसर शिक्षण हवे. झुडपाला बांधलेला दोर फक्त खोटा धीर देतो.

पाण्याइतके सह्याद्रीत दुसऱ्या कशानेही लोक फसत नाहीत. ओढ्याच्या पाण्याचा जोर डोळ्यांना दिसतो त्याहून कितीतरी जास्त असतो. वेगाने वाहणारे पाणी गुडघ्यापर्यंत आले की धडधाकट माणसाचेही पाय सुटतात. पाऊस वर घाटमाथ्यावर पडतो आणि खाली ऊन असतानाच लोंढा येतो. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले. पाणी वाढले तेव्हा ते प्रवाहाच्या मध्यावर एकमेकांना धरून उभे होते आणि काठ जवळ असूनही गाठता आला नाही.

सकाळी पहिला ओढा ओलांडताना पाण्याच्या कडेला एक ठळक दगड खूण म्हणून ठेवावा. परतताना तो बुडालेला दिसला तर पाणी किती चढले ते लगेच कळते. नितळ पाणी गढूळ होणे, पालापाचोळा व काटक्या वाहून येऊ लागणे, प्रवाहाचा आवाज जड होणे या लोंढ्याच्या आधीच्या खुणा आहेत. त्या दिसताच, ज्या काठावर आहात त्याच काठाने सगळ्यांनी उंचावर जायचे. राहिलेल्या चौघांना घाईने अलीकडे घेण्याच्या प्रयत्नात दुर्घटना होतात. डोंगरातल्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र लहान आणि उतार तीव्र असतो. त्यामुळे पाणी जसे झपाट्याने चढते तसे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतेही. थांबणे हा खरा उपाय, आणि थांबता यावे म्हणून पिशवीत कोरडे कपडे, खाऊ आणि विजेरी हवी. ओढा ओलांडताना माणसाच्या कमरेला दोर पक्का बांधणे मात्र घातक असते. पाय सुटला की ताणलेल्या दोरामुळे तो पाण्याखाली दाबला जातो.

पावसाळ्यातला दुसरा शत्रू गारठा. ओले कपडे, जोराचा वारा आणि रिकामे पोट एकत्र आले की हिमाशिवायही शरीराचे तापमान ३५ अंशांखाली उतरू शकते. बडबडा माणूस गप्प होतो, अडखळतो, बोटांनी झिप लावता येत नाही. ही लक्षणे ओळखून त्याला वाऱ्याच्या आड नेऊन कोरडे कपडे घालावे, शुद्धीवर असेल तर गरम व गोड काही प्यायला द्यावे. उन्हाळ्यात उलट प्रकार. फेब्रुवारीनंतर प्रत्येकाजवळ किमान तीन-चार लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटे हवीत. उन्हात चालणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजावा. सावलीत आडवे करून, अंगावर पाणी ओतून, वारा घालून आधी त्याचे शरीर थंड करायचे आणि मग खाली नेण्याची व्यवस्था करायची. क्रम उलटला तर वाटेतच उशीर होतो.

आग्या मोहोळ हा किल्ल्यांवरचा मोठा धोका. आरडाओरडा, धूर आणि अत्तरांचे उग्र वास यांनी माश्या खवळतात. एका माशीच्या दंशातून सुटणारा गंध इतर माश्यांना त्याच माणसाकडे बोलावतो, म्हणून तिथेच उभे राहून हातवारे करणे सर्वांत वाईट. तोंड-डोके झाकून लवकरात लवकर दूर जायचे, मात्र कड्याच्या दिशेने धावायचे नाही. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळू नये. तो अवयव फळीने स्थिर करून माणसाला न चालवता, उचलून, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. सह्याद्रीत दगडांखाली आढळणारे फुरसे लहान दिसते म्हणून त्याच्या दंशाकडे दुर्लक्ष होते, पण ते अतिविषारी आहे. आणि वळवाच्या दिवसांत गडगडाट ऐकू येताच माथा, बुरूज आणि एकटे झाड सोडावे.

एवढे सगळे माहीत असूनही गट पुढे का जातो? अमेरिकेतले इयन मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळातले तिथले सातशेहून अधिक हिमस्खलन अपघात अभ्यासले. धोक्याच्या खुणा दिसत असतानाही, आणि प्रशिक्षण झालेले असतानाही, लोक पुढे गेल्याचे त्यांना आढळले. वाट ओळखीची आहे, एवढ्या लांब आलोच आहोत, पुढचा गट गेला ना, लीडरला कळत असेलच, ही त्यांची कारणे होती. सह्याद्रीत यातले प्रत्येक वाक्य जसेच्या तसे ऐकू येते. त्यात पैसे भरलेले असतात, रात्रभर प्रवास झालेला असतो. या दडपणावर उपाय म्हणजे लीडरने आपली शंका उघड बोलून दाखवणे आणि गटातल्या सर्वांत अबोल माणसाला विचारणे. परत फिरावे लागल्यास पैसे परत मिळतील की दुसरी तारीख दिली जाईल, हे आयोजकांनी आधीच लिहून दिले तर लीडरच्या खांद्यावरचे मोठे ओझे उतरते.

अपघात झालाच तर पहिले अर्धे मिनिट काहीही न करता आजूबाजूला पाहण्यात घालवावे. दरड अजून पडते आहे का, माश्या आहेत का, बाकीचे कुठे उभे आहेत? दुसरा माणूस जखमी झाला तर मदत करणारा उरत नाही. मग बाकीच्या गटाला सहलीडरने सुरक्षित जागी बसवावे. वाहणाऱ्या रक्तावर थेट दाब द्यावा, उंचावरून पडलेल्याची मान-पाठ हलवू नये, आणि जखमीला एकटे कधीही सोडू नये. मदत मागायला दोघांनी मिळून जावे. निरोप लिहून न्यावा : नेमकी जागा, जखमींची संख्या, इजा, शुद्ध आहे की नाही, तिथले हवामान, जवळचे गाव. ११२ आणि १०८ या क्रमांकांवर संपर्क साधावाच, शिवाय स्थानिक गिर्यारोहक आणि गावकऱ्यांना कळवावे. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांतले लोक स्वतःचा कामधंदा सोडून अशा हाकेला धावतात. स्ट्रेचर डोंगरवाटेने उतरवायला एका वेळी सहा माणसे आणि सतत बदली लागते. त्यामुळे चालायच्या दोन तासांचे सहा तास होतात. मदत संध्याकाळीच येईल असे गृहीत धरून जखमीला उबदार ठेवण्याची सोय करावी. दिसावे-ऐकू यावे म्हणून आंतरराष्ट्रीय खूण आहे : मिनिटाला सहा शिट्ट्या किंवा सहा वेळा विजेरीचा उजेड, मग एक मिनिट थांबून पुन्हा तेच.

कायद्याची बाजूही आता ठळक होत आहे. इंग्लंडमध्ये १९९३ साली लाइम बेमध्ये कयाक सहलीत चार विद्यार्थी बुडाले आणि १९९५ मध्ये मुलांच्या साहसी उपक्रमांसाठी परवान्याचा कायदा झाला. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. पावसाळ्यात जिल्हाधिकारी अनेक धबधब्यांवर मनाई आदेश काढतात, आणि हरिश्चंद्रगड-कळसूबाईसारख्या अभयारण्यांत वनविभागाचे नियम लागू असतात. बंदी आहे तिथे गट नेणारा लीडर आपल्या गटाला संकटकाळी मिळू शकणारी मदतही दूर लोटतो.

लीडर घडवण्यासाठी दार्जिलिंगची १९५४ ची आणि उत्तरकाशीची १९६५ ची गिर्यारोहण संस्था यांचे अभ्यासक्रम उत्तम आहेत. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आणि त्याची दर दोन-तीन वर्षांनी उजळणी हवीच. पण खरे शिक्षण टेलला चालून होते. नव्या लीडरने पहिला हंगाम एखाद्या जाणत्या टेलसोबत काढावा.

डोंगराची आणि गावाची जबाबदारीही लीडरचीच. गडावरच्या टाक्याच्या पाण्यात कोणी उतरू नये, शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर जावे, सुक्या गवतात शेकोटी नको, स्पीकर नको. गावात पिठलं-भाकरी सांगितली असेल आणि संख्या कमी झाली तरी पैसे सांगितलेल्या ताटांचे द्यावे.

परत आल्यावर त्याच रात्री नोंद लिहावी, आणि तिच्यात थोडक्यात हुकलेले प्रसंग आवर्जून यावेत. निसटलेला दगड, दहा मिनिटे न सापडलेला मुलगा, चुकलेला फाटा. पुढच्या महिन्यात त्याच वाटेने जाणाऱ्या दुसऱ्या गटाला ती नोंद द्यावी. आणि बसमध्ये बसण्याआधी, सकाळी पायथ्याच्या गावात ज्या घरी गटाच्या नावांची यादी ठेवली होती तिथे जाऊन सगळे उतरल्याचे सांगावे. न सांगता गेलेल्या गटांसाठी त्या घरातली माणसे रात्री विजेऱ्या घेऊन डोंगर चढतात.